पेटी आपली, चावी कुणाकडं?



आज खत-पाण्यावर नाही, मोटारीजवळच्या पेटीवर लिहितोय. गेल्या काही वर्षांत आपल्या कराड-वाळव्यापासून तासगाव-मिरजेपर्यंत रानोमाळ पेट्या दिसायला लागल्यात. कुठं मोबाईल स्टार्टर, कुठं ठिबकचे व्हॉल्व उघडणारी पेटी, कुठं द्राक्षबागेत खांबावर बसवलेलं हवामान केंद्र. विकणारा रेंज सांगतो, वॉरंटी सांगतो. पण आत जो प्रोग्राम बसलाय तो कशावर बांधलाय आणि कुणाच्या ताब्यात आहे, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. मोटर घेताना वाईंडिंग तांब्याचं का ॲल्युमिनियमचं हे आपण विचारतोच की. तसंच हेही विचारायला पाहिजे.

माझं शिक्षण दहावी. पुतण्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. दोन हंगाम त्याच्याबरोबर बसून, तारा जोडून, रानात पेटी चालवून जे समजलं ते आपल्या भाषेत मांडतो. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

पेटी लागतेच कशाला?

शेतीच्या फीडरला थ्री फेज लाईट आठ तास. ती कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात दीड वाजता उठून विहिरीवर जायचं. उसाच्या सरीत साप, इंचू-काटा. कराड, पाटण, शिराळा भागात बिबट्या ही काही ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. एवढं करून विहिरीवर पोचावं तर फेज गेलेली. ज्यानं हे भोगलंय त्याला पेटीची किंमत सांगायला नको.

हा विचार आपल्या मातीत जुना आहे. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचा मोबाईलवर चालणारा पंप कंट्रोलर काढला. त्यांचे आजोबा म्हातारपणी मोटर चालू करायला रानात हेलपाटे घालायचे, त्यातनं ही कल्पना निघाली. २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं. साधा फोन लावायचा, आकडे दाबायचे, मोटर चालू. मधे कुणाचा सर्व्हर नाही, ॲप नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

माझ्या पेटीचं काय झालं?

माझ्या वस्तीवरच्या विहिरीला ॲपवर चालणारी पेटी होती. तीन हंगाम एकदम चांगली चालली. मग एका सकाळी ॲप उघडलं तर नुसतं चाक फिरतंय. मोटर ठीक, तिन्ही फेज ठीक, सिममध्ये बॅलन्स. दुकानदार म्हणाला, "अण्णा, कंपनीनं सर्व्हरच बंद केलाय. मी तरी काय करू?" कंपनीचं नाव लिहीत नाही, नावानं काही भरून यायचं नाही. आडसाली लागण नुकतीच झालेली आणि आठवडा नेमका रात्रपाळीचा. घरचं माणूस म्हणालं, "निघालात का पुन्हा बॅटरी घेऊन?" निघालो.

पुतण्यानं पेटी उघडली. आत ईएसपी-३२ नावाची चिप आणि शेजारी सिमचं मोडेम. तो म्हणाला, "काका, ही चिप बाजारात कुठंही मिळते. बोर्ड पाचशेच्या आसपास. पण आतला प्रोग्राम कुलुपबंद हाय. ह्यात दुसरा घालता येत नाही." म्हणजे रिले चांगला, मोडेम चांगलं, डबा चांगला, आणि पेटी तरीही मेलेली. मोटर जळली तर आपण कराडला नेऊन रिवायंडिंग करून आणतो. जळलीच नाही अशा पेटीला मात्र इलाज नाही. हे डोक्यात बसेना, म्हणून मी मुळापासून समजून घ्यायला लागलो.

टूलकिट म्हणजे काय?

पाईपलाईन करताना आपण पाईप घरी ओतत नाही. दुकानातनं एल्बो, टी, रिड्यूसर, व्हॉल्व आणतो आणि आपल्या रानाच्या उतारानं जोडतो. पेटीच्या प्रोग्रामचंही तसंच. वायफाय जोडणं, तुटलं तर पुन्हा जोडणं, सेन्सर वाचणं, निरोप पाठवणं, लाईट गेली तरी सेटिंग जपणं, हे सगळं प्रत्येकानं पहिल्यापासून लिहायचं म्हटलं तर आयुष्य जाईल. म्हणून हे तुकडे आधीच लिहून, तपासून ठेवलेले असतात. त्या संचाला सॉफ्टवेअर टूलकिट म्हणायचं.

२००५ च्या सुमाराला इटलीतल्या इव्रिया गावात अर्डुइनो तयार झालं. ते इंजिनिअरसाठी नव्हतं, डिझाईन शिकणाऱ्या पोरांना जमावं म्हणून होतं. २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-८२६६ ही स्वस्त वायफाय चिप आली. जगभरच्या हौशी लोकांनी तिला अर्डुइनोच्या टूलकिटमध्ये बसवलं आणि गणितच बदललं. २०१६ मध्ये ईएसपी-३२ आली. तिच्यासाठी कंपनीचं स्वतःचं टूलकिट आहे, ईएसपी-आयडीएफ. ते फुकट आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही परवानगी आहे. वायफायचा गाभा कंपनीनं झाकून ठेवलाय, बाकी बराचसा भाग कुणालाही उघडून वाचता येतो. या कंपनीचं एक केंद्र आपल्या पुण्यात आहे. म्हणजे ही विद्या काही सातासमुद्रापलीकडं राहिलेली नाही, खंबाटकी घाटाच्या पलीकडं आहे.

ह्या टूलकिटमधल्या चार गोष्टी शेतकऱ्यानं ओळखून ठेवाव्यात.

पहिली, एका वेळी अनेक कामं. दारं धरणारा गडी एकटाच असतो, पण चार वाफे सांभाळतो. जो फुटायला आलाय तिकडं आधी धावतो, बाकीचे नंतर. चिपमध्ये हे काम फ्रीआरटीओएस नावाची प्रणाली करते. रिचर्ड बॅरी यांनी ती २००३ मध्ये काढली, ईएसपी-आयडीएफ तिच्यावरच उभं आहे. ड्राय रनचा इशारा आला तर स्क्रीनवर आकडे दाखवणं थांबलं तरी चालेल, मोटर आधी बंद झाली पाहिजे. हा क्रम लिहिणाऱ्यानं लावायचा असतो.

दुसरी, वॉचडॉग. नावाप्रमाणं राखणीचं कुत्रं. प्रोग्रामनं ठरल्या वेळात त्याला हाक द्यायची. हाक आली नाही तर प्रोग्राम अडकला असं समजून ते चिप पुन्हा चालू करतं. विजेच्या झटक्यानं पेटी ‘हँग’ होते आणि कुणीतरी जाऊन बटण बंद-चालू करेपर्यंत तशीच राहते, तिथं हे कुत्रं बांधलेलंच नाही असं धरून चाला.

तिसरी, लांबून सुधारणा. नवा प्रोग्राम घालताना जुना पुसत नाहीत. दोन खण ठेवतात. नवा दुसऱ्या खणात उतरतो, नीट चालला तर ठेवायचा, नाहीतर पहिल्या खणावर परत. टूलकिटमध्ये ही सोय तयार आहे. ती न वापरता सुधारणा पाठवली आणि मधेच लाईट गेली, तर पेटी गेलीच.

चौथी, निरोपाची पद्धत, एमक्यूटीटी. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती तेलाच्या पाईपलाईनवर लक्ष ठेवायला बनवली. उपग्रहाचं कनेक्शन महाग आणि तुटक, म्हणून निरोप एकदम छोटे. आपल्या रानातली रेंज तशीच तुटक, त्यामुळं ती आपल्यालाही मानवते. त्यात पेटी सुरुवातीलाच आपलं ‘मृत्युपत्र’ लिहून ठेवते: माझा आवाज अचानक बंद झाला तर सगळ्यांना हे सांगा. निरोप वाटणारा मधला प्रोग्राम मग ते सांगतो. त्यामुळं फोनवर ‘मोटर चालू’ असं खोटं दिसत बसत नाही, ‘पेटीशी संपर्क नाही’ असं खरं दिसतं. द्राक्षवाल्याला ह्या फरकाची किंमत कळेल. तासगावच्या दाजींच्या बागेतलं केंद्र एकदा दोन दिवस मुकं होतं आणि ॲपवर मात्र जुनेच आकडे ताजे म्हणून दिसत होते. पान किती तास ओलं राहिलं आणि तापमान किती होतं ह्यावर डावनीची फवारणी ठरते. तिथं जुना आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट.

टूलकिट काय करत नाही?

ते आपलं रान ओळखत नाही. स्वस्तातला जमिनीतला ओलाव्याचा सेन्सर खरं तर ओलावा मोजत नाही. मातीचा विजेशी असलेला एक गुण मोजतो आणि त्यावरनं अंदाज बांधतो. आपली काळी जमीन वाळली की भेगाळते. सेन्सरजवळ भेग पडली की मधे हवा येते आणि तो ‘कोरडं’ म्हणून ओरडतो, वीतभर बाजूला वापसा असतो. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत उलटं, क्षारानं आकडा फुगतो. ‘ओलावा ४२ टक्के’ असं फोनवर दिसलं म्हणून ते खरं होत नाही.

ह्याला उपाय जुनाच. पाणी दिल्यावर, वापशाला आणि पिकाला ताण दिसायला लागल्यावर, अशा तीन वेळा सेन्सरशेजारची माती काढायची, लगेच वजन करायचं, १०५ अंशाला २४ तास भट्टीत वाळवून पुन्हा वजन करायचं. त्यातनं खरा ओलावा निघतो, तो सेन्सरच्या आकड्याशी ताडून प्रोग्राममध्ये घालायचा. भट्टी घरात नसते, माती परीक्षण करणाऱ्यांकडं असते. बोरगावच्या आणि कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रांतल्या आणि आपल्या पेजवरच्या सगळ्या शास्त्रज्ञ मंडळींना माझी विनंती आहे: आपापल्या भागातल्या जमिनींसाठी असा तक्ता तयार झाला तर कुठल्याही नव्या ॲपपेक्षा जास्त उपयोग होईल.

दुसरी गोष्ट, ते आपला ट्रान्सफॉर्मर ओळखत नाही. ऑटोस्विचचं उदाहरण घ्या. लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात, ट्रान्सफॉर्मरवर एकदम लोड येतो आणि तो जळतो. मग पंधरा दिवस सगळेच कोरडे. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं वीज कंपनी वर्षानुवर्षे सांगतेय. पेटीत प्रोग्राम असेल तर हे दोन-चार ओळींचं काम आहे. लाईट आल्यावर प्रत्येक पेटीनं एक ते दहा मिनिटांतला कुठलाही वेळ चिठ्ठी उचलल्यासारखा उचलायचा आणि तेवढं थांबून मोटर उठवायची. कुणाला कुणाशी बोलायला नको, मोटारी आपोआप मागंपुढं होतात. आमच्या डीपीवरच्या तिघांच्या पेट्यांत हे घातलंय. टूलकिट फुकट मिळतं, पण ह्या चार ओळी कुणीतरी आपल्या डीपीखाली उभं राहून विचार केल्याशिवाय सुचत नाहीत.

आणि एक ताकीद. प्रोग्राम कितीही शहाणा असो, स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर काढायचा नाही. पेटीनं फक्त चालू-बंद बटणाचं काम करावं. फेज गेल्यावर मोटर वाचवण्याचं काम लोखंड-तांब्याचंच असू द्या. विहिरीत माणूस उतरणार असेल तर मेन स्विच हातानं पाडायचा, ॲपवर विसंबायचं नाही. जोडणीही जाणत्या वायरमनकडनंच.

आता मुद्दा चावीचा

पेटी तीन ठिकाणी असते: विहिरीवरचा डबा, त्यातला प्रोग्राम आणि लांब कुठंतरी बसलेला सर्व्हर. पैसे तिन्हींचे आपण देतो, हातात येतो फक्त डबा. हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचं घरातली उपकरणं चालवणारं यंत्र होतं, किंमत तीनशे डॉलरच्या घरात. गूगलच्या घरातल्या नेस्ट कंपनीनं ते विकत घेतलं आणि मे २०१६ मध्ये त्याचा सर्व्हर बंद केला. धडधाकट यंत्रं एका दिवसात डबडी झाली.

ह्याच्या उलट्या बाजूची माणसंही आहेत. २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या थिओ आरेंड्स यांनी ‘टास्मोटा’ सुरू केलं. बाजारातल्या स्वस्त वायफाय स्विचमध्ये ते घालायचं, की तो स्विच कंपनीच्या सर्व्हरला न विचारता घरातल्या घरात चालतो. ‘ईएसपीहोम’ त्याहून सोपं. त्यात प्रोग्राम लिहावाच लागत नाही. एका साध्या फाईलमध्ये मांडायचं: सेन्सर कुठला, कुठल्या पिनला जोडलाय, किती सेकंदांनी वाचायचा. बाकी सगळं टूलकिट स्वतः बांधतं. इंग्रजी शब्द मोजके लागतात. ओळ किती आत सरकवून लिहायची एवढं मात्र काटेकोर, एक जागा कमी-जास्त झाली की गाडी रुसते. पहिली फाईल माझ्याकडनं पुतण्यानं लिहून घेतली. पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारी ती पेटी आजही चालू आहे.

कुलूप मुळातच वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. प्रोग्राम उघडा टाकला तर कुणीही आपली मोटर चालू करील, आपला वेळ आणि पाणी दोन्ही वाया. चोरीची पेटीही कुलुपामुळंच निकामी होते. घराला कुलूप पाहिजेच. फक्त घर आपलं आणि चावी दुसऱ्याकडं, तो गाव सोडून गेला तर आपण उंबऱ्यावर, असं नको.

आम्ही नवी पेटी बांधताना हेच धरून चाललो. ईएसपी-३२, मोडेम आणि रिले, खाली एस्प्रेसिफचं टूलकिट. मोटर चालू-बंद करायला साधा एसएमएस. तो घरातल्या चार नंबरांवरनं आला आणि सोबत कोड असला तरच ऐकायचा. मधे सर्व्हर नाही, नॅनो गणेशची ती जुनी अक्कल इथं कामाला आली. ओलावा, पातळी असली बाकी माहिती लोरा रेडिओनं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर येते. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा हा पट्टा आपल्या देशात लायसनशिवाय वापरता येतो. ऊस डोक्याच्या वर गेला की रेंज खाली येते, म्हणून अँटेना पाईपवर उसाच्या वर काढलीय. प्रोग्रामला कुलूप आहे, चावी एका कागदावर, जमिनीच्या कागदांच्या पिशवीत.

पेटी घेताना विचारायचे प्रश्न

१. इंटरनेट किंवा तुमचा सर्व्हर बंद पडला तर मोटर फोननं चालेल का? पेटीवरचं हाताचं बटण तरी चालेल का?

२. सर्व्हरचं भाडं किती, किती वर्षांचं, आणि कंपनी बंद झाली तर प्रोग्रामची चावी मला देणार का? बिलावर लिहून द्या.

३. सिम कुठलं लागतं? टूजीवर चालणारी पेटी असेल तर जिओचं सिम तिच्यात चालत नाही, कारण जिओला टूजी नाहीच.

४. प्रोग्राम कुठल्या टूलकिटवर बांधलाय? उत्तर समजलं नाही तरी विचारा. ज्याला सांगता येतं त्याच्याकडं दुरुस्त करणारा माणूस असतो. ‘आमचं स्वतःचं आहे’ एवढंच म्हणाला तर अजून खोदा.

५. माझ्या रानाचे आकडे मला फाईलमध्ये काढून मिळतील का? तीन वर्षांच्या पाण्याच्या आणि पानओलाव्याच्या नोंदी सातबाऱ्याइतक्याच आपल्या आहेत.

६. लाईट गेली-आली की सेटिंग राहतं का, आणि मोटर उठायच्या आधी पेटी थांबते का?

शेवटचं. मोटर रिवायंडिंगची दुकानं आकाशातनं पडली नाहीत. गावोगाव मोटारी आल्या, कुणीतरी पोरगं शहरात तार गुंडाळायला शिकलं आणि तिठ्यावर गाळा घेतला. कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात, सांगलीच्या वालचंदमध्ये, आपल्या आयटीआयमध्ये ही विद्या शिकणारी पोरं आहेत. टूलकिट त्यांना फुकट उपलब्ध आहे. कमी पडतंय ते विहिरीवर येऊन, एक हंगाम आमच्याबरोबर काढणं. ज्या पोराला गाळा टाकायचाय त्यानं ह्या पेट्यांचा विचार करावा. पहिलं गिऱ्हाईक म्हणून दाजींच्या बागेतलं ते मुकं केंद्र माझ्याकडंच पिशवीत पडलंय.